चतुराबाईंचे चार रोखे

गणपती उठले आणि पाचव्या दिवशी माधवच्या बदलीचा हुकूम आला. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार हे वर्षभर कानावर येत होतं, पण कोणता कारकून कोणत्या तुकड्याबरोबर जाणार हे कागद हातात पडेपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. माधवची बोली मराठी, म्हणून तो मुंबई राज्याच्या वाट्याला गेला. नेमणूक औरंगाबादला. दिवाळीच्या आत हजर व्हायचं होतं.

चतुराबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. "औरंगाबाद का," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा सुपात बघू लागल्या. मुलगा, सून, दोन नातवंडं महिन्याभरात घर सोडणार, आणि आपल्या मनात आधी आले ते रोखे, याची त्यांची त्यांनाच लाज वाटली.

रोखे चार होते, दोन-दोन हजारांचे, तीन टक्क्यांचे. त्यांच्या नवऱ्याने, एकनाथरावांनी, घेतलेले. एकनाथराव तीस वर्षं जमाखर्चाच्या दफ्तरात होते. तनख्यातून जे उरे ते कधी एका जागी ठेवत नसत. हैदराबादेत जामबागेतल्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या, थोडं सोनं, थोडं पोस्टात, एका गिरणीचे थोडे शेअर आणि बाकीचं हैदराबाद सरकारच्या कर्जरोख्यांत.

"सगळं एकाच दिवशी बुडत नसतं," ते म्हणायचे.

"आणि एकाही दिवशी वर येत नसतं," चतुराबाई उत्तर द्यायच्या. कारण या पाच ठिकाणांत त्यांच्या लुगड्याला कधी जागा झाली नव्हती.

पण पुढे बघितलं तर माणूस अगदीच चुकला नव्हता. अठ्ठेचाळीस साली भाडेकरू गावी पळाला आणि खोल्या चौदा महिने रिकाम्या राहिल्या. गिरणी बसली, शेअरांचे कागद कपाटात खाली अंथरायच्या लायकीचे उरले. लेकीच्या, कुसुमच्या, लग्नात दोन पाटल्या गेल्या. मग निजामाचा हाली रुपयाच गेला, सात हालीचे सहा कलदार, म्हणजे हिंदुस्थानी रुपये, झाले, आणि घरातली सगळी शिल्लक एका दिवसात थोडी आखूड झाली. रोख्यांचं व्याज मात्र दर सहा महिन्यांनी येत राहिलं. रोखे पहिल्यापासून कलदारातले, म्हणून एकशे वीस कलदार, ना एक आणा जास्त ना कमी. मुदत एकोणीसशे सत्तरची. हा आकडा सांगताना एकनाथराव स्वतःच हसले होते. "तेव्हा मी नसेन. तू असशील." ते एक्कावन्न सालीच गेले.

तेव्हापासून वर्षातून दोनदा चतुराबाई सरकारी खजान्याच्या खिडकीशी रांगेत उभ्या राहत. पाय दुखत, पोलकं घामाने भिजे. घरी यायचं, वीस-वीसच्या सहा पुड्या करायच्या आणि महिन्याला एक सोडायची. व्याज तेवढंच राहिलं होतं, त्यात येणारी ज्वारी तेवढी राहिली नव्हती, हे त्यांना हिशेब न मांडताही कळत होतं. पण वीस रुपयांसाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. परभणीला त्यांची थोरली बहीण जयवंता होती. तिने नवऱ्यामागे सगळं मुलाच्या दुकानात घातलं होतं. मुलगा वाईट नव्हता, सूनही वाईट नव्हती. फक्त जयवंताला तपकिरीसाठी दोन आणे हवे असले की सून भाकरी थापून होईपर्यंत ती चुलीपाशी घुटमळत उभी राहायची. चतुराबाईंनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

हुकूम आला त्याच रविवारी धाकटे दीर हिम्मतराव आले. चहा पिऊन झाल्यावर माधवनेच विषय काढला.

"काका, औरंगाबादला स्टेशनाच्या बाजूला जागा निघाल्यात म्हणे. आत्ता घेतली तर घेतली. रोखे विकले तर सहज जमेल."

"विकायलाच पाहिजेत," हिम्मतराव म्हणाले. "वहिनी, ज्या राज्यानं कर्ज घेतलं ते राज्यच राहत नाही. मग पैसे देणार कोण? मुंबईवाले म्हणणार आंध्रावाले देतील, आंध्रावाले म्हणणार म्हैसूरवाले देतील. तुम्ही कुणाच्या दारात बसणार?"

"भावजी, तुमचे विकले का?"

"माझे होतेच कुठं!"

"मग तुम्हाला सल्ला द्यायला बरंय."

हिम्मतराव मोठ्याने हसले, पण माधव हसला नाही. सून, वासंती, आतून म्हणाली, "आत्याबाई, तिकडं आल्यावर तुम्हाला खर्च तरी कशाचा असणार? लागेल ते आम्ही आणूच की."

ती मनापासून म्हणाली होती. चतुराबाईंना म्हणूनच जास्त थकल्यासारखं झालं. "बघून तर येऊ काय भाव देतात," त्या म्हणाल्या. नको म्हणायला अंगात जोर लागतो. त्या दिवशी तो नव्हता.

सुलतान बाजारात कापडाच्या दुकानावरच्या माडीवर एक सेठ असे. रोखे, हुंड्या, जुनी नाणी, सगळं घेई. माधव आणि चतुराबाई गादीच्या कडेला बसले. सेठने कागद न बघताच भाव सांगितला, "अठहत्तर."

"शंभराच्या कागदाला अठ्ठ्याहत्तर?" माधव चमकला. "बुडणार म्हणून?"

"डूबने की बात नहीं, साब. नवे कर्जावर सरकार जास्त व्याज देती. फिर तीन टक्केवाला पूरे दाम में कौन लेगा? और सन सत्तर तक रुकना. कागज अच्छा है, सिर्फ बेचने का वक्त बुरा है."

चतुराबाईंच्या मनात हे शेवटचं वाक्य नीट उतरलं. विकायचं नसेल तर वाईट वेळेशी आपला संबंधच काय? अठ्ठ्याहत्तर होवो की अडुसष्ट, खिडकीवर एकशे वीसच मिळणार आणि सत्तर साली आठ हजार पुरे. त्या हे बोलणार एवढ्यात सेठने फडकं सोडून कागद बाहेर काढले, आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"माँजी, ये क्या? हळद-कुंकू?"

चारही कागदांच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लाल-पिवळे डाग होते, एकावर एक, वर्षानुवर्षांचे, काठाशी काळपट झालेले. लक्ष्मीपूजनाला एकनाथराव पाटावर चारही रोखे ओळीने मांडत आणि ओल्या बोटाने प्रत्येकाला हळद-कुंकू लावत. दफ्तरातल्या कागदाला कधी ओला हात न लावणारा माणूस, पण घरच्या कागदाला लक्ष्मी म्हणून नेमाने लावायचा, आणि बोट टेकवायला कोपऱ्यातली ती जवळजवळ रिकामी जागा त्यालाही बरी वाटली होती. त्यांच्यामागे चतुराबाई तेच करत आल्या, त्याच जागी. खजान्यातला जुना कारकून एकनाथरावांना ओळखायचा. वहीत नाव काढून व्याज द्यायचा, कधी बोलला नाही.

"नंबर किधर गया?" सेठ कागद उजेडात धरून म्हणाला. "इसके नीचे नंबर है. मैं नहीं ले सकता. कोई नहीं लेगा. खजाने में अर्जी दो, नया कागज बनवाओ. चार-पाँच महीने लगते."

जिना उतरून रस्त्यावर आल्यावर माधव म्हणाला, "आई, आकड्यावर कुंकू फासायचं? तुला एवढं कळू नये?"

"तुझे वडील लावायचे."

"त्यांना विचारणार आहे का मी आता?"

बाजारातली गर्दी चुकवत दोघं चालत राहिली. चतुराबाई मान खाली घालून चालत होत्या, आणि आत कुठेतरी चार-पाच महिन्यांचा आकडा धरून बसल्या होत्या. मुलाचं नुकसान झालं होतं आणि त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं. हेही काही चांगलं नव्हतं.

दोन दिवसांनी माधवने दफ्तरातून अर्ज भरून आणला. इंग्रजीतला होता. "मला रजा नाही. तू नुसता खिडकीवर नेऊन दे, सही तिथंच घेतील," तो म्हणाला. त्या आठवड्यात पुढच्या खोल्यांतला भाडेकरूही गेला. कानडी होता, त्याला म्हैसूरच्या वाट्याला गुलबर्ग्याला टाकलं होतं. आणि तो सामान बाहेर काढत असतानाच कर्नूलहून आलेला अप्पाराव नावाचा तेलुगू कारकून दारात उभा राहिला. आंध्राची राजधानी इकडे यायची होती, माणसं आधीच येऊन खोल्या धुंडाळत होती. जिथे अठरा रुपये भाडं होतं तिथे त्याने न विचारता पस्तीस सांगितले. चतुराबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. एकीकडे कागदाचा भाव उतरला होता आणि दुसरीकडे खोल्यांचं भाडं दुप्पट झालं होतं. एकनाथराव असते तर बोलले नसते, नुसते मिशीत हसले असते, आणि चतुराबाईंना राग आला असता.

खजान्याच्या खिडकीशी जुना कारकून नव्हता. दुसरे एक वयस्कर गृहस्थ होते, नाकावर चष्मा ओढून अर्ज वाचणारे. त्यांनी डाग बघितले, मान हलवली, मग अर्ज वाचला आणि विचारलं, "अम्मा, नवे कागजां दो नामां पे बनाना बोलके लिखे हैं. आप, और माधवराव. दोनों में से कोई एक सही करा तो बी बिक सकता. बराबर है ना?"

"काय लिहिलंय?"

"दो नाम. आपका, और आपके फर्जंद का."

मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. चतुराबाईंनी खिडकीचा गज धरला. मुलगा चोर नव्हता. त्याने सोय बघितली होती. आईला पुन्हा पुन्हा खिडकीवर यावं लागू नये, आपल्याला औरंगाबादहून सही करता यावी, हेही त्यात होतंच. आणि न सांगता लिहिलं होतं, हेही होतं. सांगितलं असतं तर आपण हो म्हटलं असतं, हे त्यांना लख्ख दिसलं. पुन्हा जोर कमी पडला असता.

"ते दुसरं नाव काट दो," त्या म्हणाल्या.

"घरकू जाके झगडा नको होना, अम्मा."

"होईल तर होईल. काट दो, भाईसाब."

त्यांनी रेघ मारली आणि बाजूला सही करायला सांगितलं. चतुराबाईंनी एकेक अक्षर वेगळं काढत सही केली. मग धीर करून विचारलं, "राज्य जाणार. हे पैसे मिळत राहतील ना?"

"सरकारां बदलते अम्मा, कर्ज नै बदलता. कोई ना कोई सर पे लेताइच. कौन, वो अपन को बाद में मालूम होता."

घरी आल्या तेव्हा माधव ट्रंकेला दोरी बांधत होता आणि वासंती जुन्या धडप्यांत भांडी गुंडाळत होती.

"दिलास अर्ज?"

"दिला. एका नावावर."

दोरीची गाठ अर्धी राहिली. "आई, मी तुझ्याच सोयीसाठी—"

"माहीत आहे."

"सांगायचं राहून गेलं."

"हं."

वासंतीने भांडं खाली ठेवलं. "म्हणजे आमच्यावर भरवसा नाही असंच ना?"

चतुराबाई आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. उरलेल्या दोन पाटल्या, बोरमाळ आणि पोस्टाचं पुस्तक त्यांनी सुनेपुढे ठेवलं. "हे जागेला. पोस्टातलं उद्या जाऊन काढून देते. मोठी नाही यायची, पण येईल. रोखे माझे मला राहू दे. आणि मी आत्ता येत नाही. पुढच्या खोल्या अप्पारावला दिल्यात, मागची माझी मला पुरते."

"लोक काय म्हणतील?" माधवचा आवाज चढला. "आईला टाकून गेला म्हणतील."

"म्हणतील महिनाभर. मग दुसरं कुणीतरी सापडेल त्यांना."

"सत्तर सालापर्यंत धरून बसणार आहेस? चौदा वर्षं?"

"नाहीतरी काय करणार आहे चौदा वर्षं?"

हे त्या चिडून बोलल्या नव्हत्या. पण माधव उठून बाहेर गेला तो रात्रीच्या जेवणालाच परतला. वासंतीने पाटल्या हातात घेतल्या, जोखल्यासारख्या वरखाली केल्या, आणि पदराच्या गाठीत बांधल्या. बोरमाळेकडे बराच वेळ बघत राहिली. "ही नको. ही राहू द्या तुम्हाला," ती म्हणाली. चतुराबाईंनी डबा तिच्याकडे सरकवला. तिने पुन्हा मागे सरकवला नाही.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी ती सगळी गेली. नातू काचीगुडा स्टेशनावर रडला, माधव पाया पडला, पण डोळ्याला डोळा भिडवला नाही. घरी आल्यावर चतुराबाईंनी एका माणसाचा भात टाकला तो दोन माणसांचा झाला. कितीतरी दिवस होत राहिला.

नवे कोरे रोखे फाल्गुनात आले. त्याच सुमारास माधवचं पत्र आलं. जागा घेतली होती, गावाच्या कडेला. पैसे साडेचारशे कमी पडले ते सावकाराकडून काढले होते. मागितलं काहीच नव्हतं. आकडा मात्र दोनदा लिहिला होता.

चतुराबाई दोन दिवस तो आकडा घेऊन घरात फिरल्या. एक कागद विकला असता तर भागलं असतं. आता कोपरा स्वच्छ होता, सेठ नाही म्हणाला नसता. पण एक गेला की त्यामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा. तिसऱ्या दिवशी त्या आबिड्सच्या पोस्टात गेल्या आणि चाळीस रुपयांची मनिऑर्डर केली. दोन महिन्यांच्या पुड्या फोडल्या होत्या. कूपनावर लिहिलं, "व्याजातले आहेत. दर सहामाहीला पाठवीन. मूळ विकणार नाही. पोरांना जपा."

महिन्याभराने पावती परत आली. सही माधवची नव्हती, वासंतीची होती, आणि खाली बारीक अक्षरात तिने लिहिलं होतं, "मिळाले. हे सावकाराला दिले नाहीत. माझ्याजवळ ठेवलेत, वेगळे."