फेफड्याचं फेफरं

बाबांची बँकेतून जयपूरला बदली झाली तेव्हा आईने सगळं सामान बांधलं, हिंदी शिकायचं मात्र राहून गेलं. आदर्श नगरातल्या भाजीवाल्याशी ती साताऱ्याची मराठीच बोलायची, फक्त मोठ्याने. मोठ्याने बोललं की मराठीची हिंदी होते, असा तिचा पक्का समज. भाजीवाल्याचं काही अडलं नाही. अडलं ते आयसीयूत.

त्या हिवाळ्यात बाबांना ताप भरला, धाप लागली आणि बघता बघता ते व्हेंटिलेटरवर गेले. मी तेव्हा जगतपुऱ्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला होते. दुखणं नेमकं काय, तेच ठरत नव्हतं. खाटेवर आडवं ठेवून काढलेल्या एक्स-रेत छाती नुसती पांढरी. मोठे डॉक्टर म्हणत, हृदय थकलंय, त्यामुळे छातीत पाणी साठलंय. म्हणून लघवी होण्याची इंजेक्शनं चालू होती आणि बाबा रोज खालावत होते. औषध भलत्याच रोगावर चाललं असेल तर बाबा हातचे जाणार, एवढं मलाही कळत होतं.

एका दुपारी कॉलेजातून पोचले तर आयसीयूच्या दारात आईची आणि चौकीदाराची जुंपलेली. आईच्या मुठीत बुक्कीने फोडलेला कांदा.

"माताजी, सब्जी बाहर रखो," तो.

"सब्जी नहीं रे, औषध है!" आई.

झालं होतं असं, की तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या होत्या, "माताजी, तकलीफ फेफड़े में है." आईने ऐकलं, फेफरं. तिच्या वडिलांना फेफरं यायचं. घरातले धावत जाऊन नाकाशी कांदा धरायचे, आणि थोड्या वेळाने आजोबा उठून बसायचे. जावयालाही तेच झालंय म्हटल्यावर आई जवळजवळ खूश होती. एवढ्या नळ्या-यंत्रांत एक तरी दुखणं तिच्या ओळखीचं निघालं होतं.

"आई, फेफडा म्हणजे फुप्फुस," मी चिडून म्हणाले.

तिने कांद्याकडे पाहिलं. "मग मी काय करू गं?" म्हणाली आणि भिंतीला टेकून खालीच बसली. माझा राग कुठल्या कुठे गेला. मीही तिच्या शेजारी बसून रडले. कांदा होताच मधे, कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचं मशीन ढकलत आल्या. बाळंतिणींच्या वॉर्डातून मागून आणलेलं. त्यावर ठळक अक्षरांत चिकटवलेलं, 'यहाँ लिंग परीक्षण नहीं किया जाता'. आणि शेजारी खाटेवर आमचे बाबा, मिशीसकट. दाराच्या काचेतून आईने ते पाहिलं आणि डोळे पुसायचे थांबवले. "ह्यांची कशाला सोनोग्राफी?"

आतमध्ये मोठे डॉक्टर हसत होते. "फेफड़े में हवा होती है, हवा में क्या दिखेगा?"

बाई बाबांच्या बरगड्यांवर जेली लावून मशीनचा दांडा फिरवत राहिल्या. मग आम्हाला आत बोलावलं. "देखिए, फेफड़ा बिल्कुल लिवर जैसा दिख रहा है."

"अगं बाई! आता लिवर पण?" आई.

तसं नव्हतं. हवेच्या जागी घाण भरून फुप्फुस घट्ट झालं होतं, म्हणून कलेजीसारखं दिसत होतं. बाबांनी जन्मात कलेजी तोंडात घातली नव्हती, आणि आता छातीत बाळगून होते. त्या काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके श्वासासरशी हलत होते. ती आत अडकलेली हवा; म्हणजे हृदयामुळे साठलेलं पाणी नाही, न्यूमोनिया आहे, बाई म्हणाल्या. मोठे डॉक्टर चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. हसू मावळलं होतं. त्याच संध्याकाळी औषध बदललं.

ताप उतरायला लागला. काही दिवसांनी तोंडातली नळी निघाली आणि साधा मास्क आला. बाबा बहुतेक वेळ डोळे मिटून पडलेले असत. बाईंनी पुन्हा मशीन आणलं. पुन्हा जेली, पुन्हा दांडा. आई पडद्यावर डोळे लावून उभी. तिथे नुसतं धुकं.

"अब कुछ नहीं दिख रहा," बाई हसून म्हणाल्या.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. मी घाईघाईने समजावलं, की फुप्फुसात पुन्हा हवा भरली, म्हणून ते मशीनला दिसत नाही. न दिसणं हेच बरं झाल्याचं लक्षण. आईला हे शास्त्र काही पटलं नाही. तिने पडद्याकडे पाठ केली आणि खाटेवर वाकली.

"अहो, आहात ना?"

मास्कमधून घोगरा आवाज आला, "आहे."