कांद्याच्या पातीची खूण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. केनवडला मास्तर असताना मी एका माळ्याच्या पुस्तकातली खूण चोरून मागे सरकवत असे.

शाळेमागच्या मळ्यात तो मोट हाकायचा. मोट पाटात रिकामी होईपर्यंत धोतराला हात पुसून चार ओळी मोठ्यानं वाचायचा आणि मग बैल फिरवायचा. शाळेच्या कपाटातली एकच कादंबरी आम्ही पैजेनं वाचत होतो. पुस्तक दिवसा त्याच्याकडे, संध्याकाळी माझ्याकडे, आणि रोज दहा पानं. तो कांद्याची पात घालून पुढे निघाला आणि मी विसाव्या पानावरच डुलक्या घेत राहिलो. मग मी ती पात रोज पाच-सहा पानं मागे सारू लागलो. बिचारा तोच मजकूर पुन्हा वाचायचा, त्याच जागी मांडी थोपटून हसायचा.

पुढे माझी मानोऱ्याला बदली झाली आणि पुस्तक कपाटात परत ठेवायची वेळ आली. त्याची चाळीस पानं राहिली होती.

"मास्तर, खूण तुमीच मागं सारत व्हते, मले माईत हाये."

"मग बोलला का नाहीस?"

"म्या म्हटलं, माहा पाठ कच्चा दिसला असन तुमाले. आता शेवट तेवढा सांगा. त्या पोरीले तिचा बाप भेटते का नाई?"

"भेटतो की!" मी ठोकून दिलं.

खूश होऊन त्यानं माझ्या पिशवीत वांगी भरली.

ती कादंबरी मी अजूनही पुरी केलेली नाही. त्या माणसाला खरा शेवट सांगणं माझ्याकडे बाकी आहे.