लाल दोरा बांधलेलं नाव

"एजन्सीचा घोळ हाय हा. काढ ती बातमी," आमच्या क्रीडा डेस्कचे प्रमुख देसाई सर म्हणाले.

संध्याकाळचे सहा वीस झाले होते. आमच्या बेळगावच्या पेपरची निपाणी आवृत्ती आधी छापतात, म्हणून तिचं क्रीडा पान सातला सोडावं लागतं. पान सोडणं म्हणजे तयार पान प्रेसला पाठवणं. त्यानंतर त्यात काही बदलता येत नाही.

मी तिथं शिकाऊ उपसंपादक आहे. बी.ए.चं शेवटचं वर्ष. सकाळी कॉलेज, दुपारी दोनपासून डेस्क. वडगावात आमच्या घरी दोन पॉवरलूम आहेत, आणि घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. माझी तीन महिन्यांची ट्रायल होती. त्यातले बारा दिवस उरले होते.

ऑस्ट्रेलियात मोठी टेनिस स्पर्धा सुरू होती. महिलांची पहिली फेरी. दुसरी मानांकित खेळाडू त्या दिवशी खेळणार होती. मानांकित म्हणजे ड्रॉ काढताना ज्यांना लांब लांब बसवतात, म्हणजे मोठे खेळाडू सुरुवातीलाच एकमेकांवर आदळत नाहीत. ड्रॉ म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता.

आमच्याकडं एक पद्धत आहे. निकाल हमखास वाटत असेल तर निपाणीचं पान आधीच लावून ठेवायचं आणि स्कोअरची जागा मोकळी सोडायची. आमच्या पेज ऑपरेटर शोभाक्का. त्यांनी चार वाजताच पान लावलं होतं. वर चार कॉलमचा फोटो आणि मथळा, 'दुसऱ्या मानांकितेची विजयी सलामी'.

सहा वाजून सतरा मिनिटांनी एजन्सीची, म्हणजे वृत्तसंस्थेची, दोन ओळींची बातमी आली. दुसरी मानांकित हरली. जिनं हरवलं तिचं नाव त्या दिवशीच्या सामन्यांच्या यादीत कुठंच नव्हतं. (नावं मुद्दाम देत नाही. ती मराठीत लिहिताना माझी अजून तारांबळ होते.)

सरांनी शनिवारचा अंक ओढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघ. ही पोरगी क्वालिफाइंगमध्ये हरल्याचं आपणच छापलंय. चार दिवसांपूर्वी हरलेली पोरगी आज खेळती कशी?"

क्वालिफाइंग म्हणजे पात्रता फेरी. ज्यांना स्पर्धेत थेट जागा मिळत नाही ते आधी तिथं खेळतात. जिंकले तर आत, हरले तर घरी. सरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वीस वर्षं त्यांनी क्रिकेट, कबड्डी आणि कुस्ती सांभाळली होती, आणि कुस्तीत चीत झालेला मल्ल चार दिवसांनी त्याच मैदानात परत लढत नाही.

पण ती मुलगी स्पर्धेत परत कशी आली हे मला माहीत होतं. सकाळी सात वाजल्यापासून माहीत होतं. आणि मी गप्प बसले होते.

त्याला कारण होतं. दुसऱ्याच महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली होती. एका खेळाडूनं सामन्याआधी दुखापतीमुळं माघार घेतली, आणि मी लिहिलं, 'पराभूत'. सकाळी निपाणीहून चौगुले मास्तरांचा फोन आला. ते निवृत्त पीटी शिक्षक. शाळेच्या ग्राउंडवर चुन्यानं कोर्ट आखून पोरांना टेनिस शिकवतात.

"रॅकेट न उचलताच हरली व्हय?" ते म्हणाले. "कोण लिहितंय ते?"

सर मला एवढंच म्हणाले, "आता परत न्हाय हं." आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

तेव्हापासून मी ड्रॉ स्वतः मांडायला लागले. आप्पा, म्हणजे माझे वडील, साडीच्या काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवतात. तसा एक मोठा कागद मी मागून घेतला आणि एकशे अठ्ठावीस नावं एकाखाली एक लिहिली. कुणी माघार घेतली की नावावर काट मारायची आणि शेजारी नवं नाव लिहायचं. पण काटाकाटीत माझा गोंधळ व्हायला लागला. ते बघून आप्पांनी सुचवलं, "तिथं लाल दोरा बांध की. लांबनं दिसतंय." मग सुईनं भोक पाडून मी लाल दोऱ्याच्या गाठी मारायला लागले.

त्या सकाळी कॉलेजला निघण्याआधी मी स्पर्धेची वेबसाइट बघितली होती. दुसऱ्या मानांकितेच्या प्रतिस्पर्धी खेळाडूचं मनगट दुखावलं होतं, तिनं माघार घेतली होती. एजन्सीची सामन्यांची यादी आदल्या दिवशीची होती. मी शेजारी या मुलीचं नाव लिहिलं आणि गाठ मारली. दोन वाजता डेस्कवर आल्यावर सांगायला हवं होतं. पण सरांना माहीत असेलच, आपण काय सांगायचं, असं वाटलं.

आता सहा पंचवीस झाले होते. शोभाक्कांचा हात माउसवर होता.

"काढू काय ओ सर?"

"काढा. कुस्तीची बातमी वर घ्या."

"सर," मी म्हणाले. "सर, ती बातमी खरी आहे."

"तुला काय माहीत?"

मी सॅकमधून कागद काढला आणि शोभाक्कांच्या टेबलावर पसरला. त्यांचा चहाचा कप मला उचलायला लागला.

"अगं, हे काय रांगोळी घेऊन आलीस?" त्या म्हणाल्या.

"ड्रॉ आहे, आक्का." मी गाठीवर बोट ठेवलं. "सर, इथली मूळची खेळाडू सकाळी बाहेर पडली. स्पर्धा सुरू होताना कुणी असं बाहेर पडलं, तर ती जागा रिकामी ठेवत नाहीत. क्वालिफाइंगच्या शेवटच्या फेरीत जे हरलेत, त्यांतल्या एकाला आत घेतात. त्याला लकी लूझर म्हणतात."

"हरलेल्याला बक्षीस? असलं कुठं असतंय व्हय?"

मी मोबाइलवर स्पर्धेचाच ड्रॉ उघडून दाखवला. त्या मुलीच्या नावापुढं दोन अक्षरं होती, एल एल.

सरांनी चष्मा वर केला, मोबाइल जवळ धरला. तरी मान हलेना. "चुकलं तर उद्या अख्खं निपाणी हसंल. आणि तुझं बारा दिवस राह्यलेत, ठाऊक हाय न्हवं?"

"ठाऊक आहे, सर."

"तरी म्हणतीस खरं हाय?"

"व्हय, सर." घाबरले की माझ्या तोंडात घरची भाषा येते.

मग शोभाक्का बोलल्या. "सर, ही तरी कशी आलती इथं? लेखी परीक्षेत तिसरी आलती न्हवं? जागा दोनच. पुण्याला नोकरी लागली म्हणून तो पहिला पोरगा आलाच न्हाय, तवा हिला फोन केलासा तुमी."

सर माझ्याकडं बघत राहिले. मग हसायला लागले.

"म्हणजे ही पण एलएल!"

"मग काय तर," शोभाक्का म्हणाल्या. "माघारी पाठवलं काय आपण हिला?"

सरांनी घड्याळ बघितलं. साडेसहा. "मेन बातमी मी घेतो. तू चौकट लिही, लकी लूझर म्हणजे काय. ऐंशी शब्द. माझ्या आईला कळंल असं. दहा मिनटं."

चौकट म्हणजे बातमीच्या बाजूला छापतात तो छोटा मजकूर. मी पहिल्यांदाच लिहीत होते. पहिलं वाक्य तीनदा खोडलं. नियम लिहायला गेले की वाक्य लांबायचं. शेवटी घरी रोज जे बघते तेच लिहिलं: 'मागावर उभा धागा तुटला, तर विणकर ती जागा मोकळी सोडत नाही. फणीच्या त्याच फटीतून दुसरा धागा ओवतो, गाठ मारतो, आणि साडी पुढं जाते. टेनिसच्या ड्रॉमध्ये कुणी माघार घेतली की असाच दुसरा धागा शोधतात...'

सरांनी वाचलं, एक स्वल्पविराम काढला आणि शोभाक्कांना म्हणाले, "घ्या." चार कॉलमचा फोटो तोच राहिला, कारण त्या मुलीचा फोटो आमच्याकडं नव्हताच. मथळा बदलला: 'पात्रता फेरीत हरली, मुख्य फेरीत गरजली'. सहा अठ्ठावन्नला पान गेलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना मी स्टँडवर तीन पेपर विकत घेतले. एकात बातमी नव्हती. एकात होती, पण ती मुलगी पात्रता फेरी जिंकून आली असं लिहिलं होतं. तिसरा आमचा. मी तिथंच उभं राहून तो दोनदा वाचला. मग घरी फोन लावला.

"थांब, माग बंद करतो," आप्पा म्हणाले. खडखडाट थांबला. मी चौकट वाचून दाखवली.

"फणीचं बरोबर लिवलीस," ते म्हणाले. "पेपर घिऊन ये. दोन आण."

दुपारी डेस्कवर पोचले तर सर फोनवर होते. त्यांनी स्पीकर लावला. चौगुले मास्तर होते.

"आज लई बेस लिवलंय. पोरास्नी ग्राउंडवर वाचून दावलं मी ते. कोण लिहितंय ते?"

महिन्यापूर्वी त्यांनी हेच विचारलं होतं. तेव्हा सरांनी नाव सांगितलं नव्हतं. या वेळी सांगितलं, आडनावासकट. वर म्हणाले, "वडगावची हाय. आमच्याकडंच ऱ्हाणार हाय आता."

मला ते असं, मास्तरांबरोबरच कळलं. ट्रायलचे अकरा दिवस उरले होते, ते कुणी मोजले नाहीत.

ती मुलगी पुढच्याच फेरीत हरली. ती बातमी मी दोन ओळींत लिहिली, आणि 'पराभूत' हा शब्द या वेळी बरोबर जागी होता. ऑफिसात मला आता सगळे एलएल म्हणतात. हमखास पान अजूनही चारला लागतं, पण मथळ्याची जागा शोभाक्का मोकळी ठेवतात. आणि माघारीची बातमी मी दोन वाजता आल्या आल्या सांगते, सरांना माहीत असली तरी.