भाऊजींची पिवळी माती

आमच्या भाऊजींइतका सावकाश माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झालेला नाही, आणि पुन्हा होऊ नये असं माझ्या ताईचं ठाम मत आहे. मला मात्र हल्ली वाटतं, असे आणखी चारदोन झाले असते तर बरं झालं असतं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव अकोला, नोकरी अमरावतीच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात, माती तपासायच्या प्रयोगशाळेत सहायक. प्राध्यापक यायचे, शिकवायचे, बढती घेऊन जायचे. भाऊजी आपले त्याच स्टुलावर. मातीवर वरून ओझं ठेवलं की ती दबते, एवढं तुम्हाआम्हालाही कळतं. पण दबताना ती बाजूला किती रेटा देते, हे मोजायला या गृहस्थांनी उमेदीची सगळी वर्षं घातली. त्यातही भुसभुशीत माती त्यांना चालायची नाही. आपल्या काळ्या मातीच्या खाली दोन पुरुष खोल जी पिवळी, घट्ट, कुदळीला दाद न देणारी चिकणमाती लागते, तिच्यावर यांचा जीव. ताईला बघायला आले तेव्हा आमच्या परसात संडासाच्या टाकीसाठी खड्डा खणलेला होता. पाहुणे पोहे खात होते आणि नवरामुलगा खड्ड्यात वाकून बसला होता. निघताना बाबांनी भीत भीत विचारलं, काय वाटलं? तर म्हणाले, "खालचा थर लय चांगला आहे." बाबांनी तो होकार समजून घेतला.

त्यांचा उजवा अंगठा हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. जे दिसेल ते अंगठ्यानं दाबून पाहायचं. ताईच्या परातीतली कणीक, माझे बेसनाचे लाडू, नव्या रंगवलेल्या भिंतीचा गिलावा, एकदा तर शेजारच्यांच्या बारशात नवजात बाळाचा गाल. दाबायचं, क्षणभर डोळे मिटायचे आणि मान हलवायची. कणीक मुरली नाही म्हणाले की पोळ्या खरोखर वातड व्हायच्या, त्यामुळे ताईला त्यांचा राग पूर्णपणे करता यायचा नाही, आणि हेच तिच्या संसाराचं खरं दुःख आहे. एका उन्हाळ्यात प्रयोगशाळेतले आकडे दुपारी नाचायला लागले, कारण उकाड्यानं यंत्राचं धातूचं कडं तापायचं. भाऊजींनी काय करावं? घरचा कूलर रिक्षात घालून कॉलेजात नेला. मी गेले तेव्हा ताई पंख्याखाली ओला टॉवेल घेऊन बसली होती. म्हणाली, "माह्या घरचा कूलर त्या मातीले लावला ना, अन् लेकरं घामानं भिजून राहिली." भाऊजी शांतपणे म्हणाले, लेकरं घाम पुसू शकतात. त्या उन्हाळ्यात पोरांनीही प्रयोगशाळेतच अभ्यास केला, कारण थंडावा तिथेच होता, आणि थोरला पुढं बऱ्या मार्कांनी पास झाला. याचंही श्रेय भाऊजी मातीलाच देतात.

माती खणून आणायची त्यांची रीत तर पाहण्यासारखी. पिवळ्या मातीचा घडीव चौकोनी ठोकळा काढायचा, त्याला वितळवलेल्या मेणाचा थर द्यायचा, ओल्या फडक्यात गुंडाळायचा, वर बाण काढून "वरची बाजू" असं लिहायचं, आणि मग तो ठोकळा मांडीवर घेऊन अमरावतीपर्यंत यायचं. गाडीच्या टपावर नाही, पायाशी नाही, मांडीवरच. हिसका बसला की ती माती पूर्वीची राहत नाही असं त्यांचं म्हणणं. एकदा दर्यापूरहून काळीपिवळी जीपनं येत होते. पांढऱ्या फडक्यातलं ते गाठोडं, दोन्ही हातांनी धरलेलं, आणि त्यामागे भाऊजींचा तो जात्याच सुतकी चेहरा. ड्रायव्हरनं पाहिलं, एका प्रवाशाला मागं पाठवलं आणि यांना पुढची सीट दिली. उतरताना एका म्हाताऱ्या बाईंनी गाठोड्याला हात जोडले. भाऊजींनीही गंभीरपणे मान लवली. मी विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही हो? तर म्हणाले, त्यांनी विचारलंच नाही, आणि पुढच्या सीटवर हिसके कमी बसतात.

तर अशा माणसाकडे मी घाईचं काम घेऊन गेले, ही माझीच चूक. दर्यापूर तालुक्यातल्या एका मुलींच्या शाळेत मी मुख्याध्यापिका होते आणि निवृत्तीला वर्ष उरलं होतं. शाळेला सगळं होतं, मैदान नव्हतं. मुली खो-खो खेळायच्या त्या रस्त्यावर, आणि ट्रॅक्टर आला की डाव थांबवायच्या. शाळेमागं आमचीच चढाची जागा पडून होती. चढ खणून सपाट केला की मैदान होत होतं, फक्त खणलेल्या कडेला मातीचा उभा कडा राहणार होता आणि तो अडवायला दीड पुरुष उंचीची भिंत लागणार होती. नकाशा तयार होता, युनूसमिस्त्री तयार होते, संस्थेच्या अध्यक्षांनी उद्घाटनाची तारीखही मनात धरली होती. माझी एकच इच्छा होती, जायच्या आधी मुलींना त्या मैदानावर धावताना पाहायचं. बाकी सत्कार, शाल, श्रीफळ कशाचंही मला काही नव्हतं. म्हटलं, तेवढी माती भाऊजींकडून तपासून घेऊ, आठ दिवसांचं काम. भाऊजी आले, नमुन्यासाठी खणून ठेवलेल्या खड्ड्यात उतरले, अंगठा लावला, डोळे मिटले आणि एकाऐवजी दोन ठोकळे काढून घेऊन गेले. दोन कशाला, असं युनूसमिस्त्रींनी विचारलं. एक कामासाठी आणि एक माणसाच्या चुकीसाठी, असं उत्तर मिळालं.

आठ दिवसांचे तीन आठवडे झाले. सकाळी लोक मोबाइलवर फुलांची चित्रं पाठवतात, भाऊजी मला आकडा पाठवायचे. काल अमुक, आज त्याहून एक कमी, अजून थांबला नाही. मी चिडून एका शनिवारी सकाळची शाळा आटोपली आणि अमरावती गाठलं. भाऊजी पाणी आणायला बाहेर गेले होते. खोली अरुंद, कूलर गुरगुरतोय, आणि कोपऱ्यात एक लोखंडी सांगाडा, त्याच्या लांब दांड्याला खाली एक छान आकडी लोंबत होती. मी टापटिपीची बाई. माझी पर्स खाली ठेवायची मला सवय नाही. मी ती आकडीला अडकवली आणि खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचलं. भाऊजी आले, दारात थांबले आणि पर्सकडे पाहत राहिले. आरडाओरडा नाही, कपाळाला हात नाही. फक्त म्हणाले, "बाई, किती वाजता टांगली?"

तेव्हा मला कळलं की ती आकडी आणखी वजनं टांगायची होती, आणि त्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, धातूच्या कड्यात, माझ्या शाळेची माती तीन आठवडे निवांत दबत होती. त्या कड्याला बाहेरून केसासारख्या तारा चिकटवलेल्या असतात. माती आतून जेवढा रेटा देते तेवढं कडं ताणतं आणि आकडा उमटतो. दांड्यामुळे टांगलेलं वजन दहापट होऊन मातीवर बसतं. त्यांनी पर्स हलकेच काढली आणि तराजूवर ठेवली. शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा, पाण्याची बाटली, डबा, ताईसाठी आणलेले लाडू, सगळ्यासकट तिचं वजन नोंदवहीत लिहिलं, वेळ लिहिली, आणि समोर स्वच्छ अक्षरात "बाईंची पर्स" असं लिहिलं. मी म्हटलं, काढली ना आता, झालं. अर्ध्या तासानं काय बिघडतं? त्यावर हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी सलग पाच वाक्यं बोलला. "वरचं ओझं तुमी घरी घेऊन जाल. पन बाजूचा रेटा पूरा उतरत नाई. कडक माती आहे ही, एकदा सोसलं का लक्षात ठेवते. तुमच्या शाळेखाली कोन्या जमान्यात काय ओझं होतं अन् किती उन्हाळे तिनं सोसले, ते सारं तिच्या आत दाबून बसलं आहे. तेच तर मी मोजून राहिलो." मला इतकी लाज वाटली की ताईचे लाडू मी तिथंच विसरले. पहिला ठोकळा बाद झाला होता. भाऊजींनी कपाटातून दुसरा काढला, माझ्या चुकीसाठीचा, आणि तारेनं त्याच्या कडा तासायला बसले. त्या वेळी त्यांचा हात इतका स्थिर होता की मातीचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा उतरायचा. मी पाहत राहिले आणि घड्याळ पाहायचं राहून गेलं.

अध्यक्ष मात्र घड्याळाकडेच पाहत होते. त्यांनी दुसरीकडून दोन दिवसांत अहवाल आणवला. नकाशातली भिंत चालेल असं त्यात लिहिलेलं होतं, फक्त माझी सही हवी होती. खरं सांगते, मी पेनाचं टोपण काढलं होतं. मग काय वाटलं कोण जाणे, तो कागद घेऊन पुन्हा अमरावतीला गेले. भाऊजींनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. वाईट एक शब्द बोलले नाहीत. आकडे बरोबर असतील म्हणाले, पण ही माती कुटून, चाळून, पुन्हा भरून तपासलेली आहे, आता तिला तिच्या जागेचं काही आठवत नसेल. मग नोंदवही मिटून त्यांनी विचारलं, "भिंतीखाली कोन बसन?" मी म्हटलं, मुली. खेळून दमल्या की सावलीला तिथंच बसतील. भाऊजींनी मान हलवली आणि परत यंत्राकडे वळले. मी सही न करता घरी आले, अध्यक्षांना कळवलं, आणि ते माझ्याशी निवृत्तीच्या समारंभापर्यंत धड बोलले नाहीत.

दुसरा ठोकळा स्थिर व्हायला किती दिवस लागले ते मी मोजायचं सोडून दिलं होतं. निघालेलं उत्तर मात्र ऐकण्यासारखं होतं. नकाशा काढणाऱ्यानं धरलं होतं की वरून जेवढं ओझं, त्याच्या निम्मा रेटा बाजूनं येईल. आमची पिवळी माती वरच्या ओझ्याहूनही जास्त रेटा देत होती. भाऊजींनी स्वतः दर्यापूरला येऊन युनूसमिस्त्रींना समजावलं: पाया रुंद करा, भिंत जाड करा, मागं हातभर मुरुमाचा थर सोडा म्हणजे मातीला फुगायला जागा मिळेल, आणि पाणी निघायला नळ्या ठेवा. मिस्त्री मोठे अनुभवी, सहसा कुणाचं ऐकून न घेणारे. मला म्हणाले, "म्याडम, आजवर आमी भिंत पाहून भिंत बांधली. ह्या साहेबानं भिंतीच्या मागं पाहाले लावलं." नकाशा बदलला, पुन्हा मंजुरी आली, आणि तोवर माझा निरोपसमारंभ होऊन गेला. समारंभाच्या दिवशीही मुली रस्त्यावरच खेळत होत्या. शाल पांघरून मी फाटकाशी उभी राहिले आणि एक ट्रॅक्टर जाईपर्यंत त्यांचा डाव थांबलेला पाहिला. तेव्हा मला भाऊजींचा राग आला होता, आणि तो खोटा नव्हता.

भिंत पुढच्या हिवाळ्यात झाली. भिंत पडली नाही याची कुठं बातमी होत नाही, त्यामुळे भाऊजींचं नाव तिथं कुणाला ठाऊक नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटतही नाही. निवृत्त झाल्यावर मात्र ते दर वर्षी कापूस वेचणीच्या सुमारास दर्यापूरला येतात. भिंतीच्या माथ्यावर एक रेघ आहे, पायथ्याशी एक खूण. रेघेवरून ओळंबा सोडायचा आणि खुणेपासून तो सरकला का ते पाहायचं. दोरी ते स्वतः धरायचे, कारण तिथंच हात स्थिर लागतो, आणि खाली युनूसमिस्त्री पट्टीवर वाचायचे. मीही जाते, ताईनं दिलेला डबा घेऊन.

या वर्षी भाऊजींनी दोरी काढली, रेघेपाशी धरली, आणि खाली ओळंबा थांबेचना. वारा नव्हता. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. ताई फोनवर म्हणाली होती की त्यांचा चहाचा कप हल्ली बशीवर वाजतो, मी ते हसण्यावारी नेलं होतं. भाऊजींनी दोनदा प्रयत्न केला, मग माझ्याकडे न पाहता दोरी पुढं केली. "बाई, जरा धरता?" मी पर्स जमिनीवर ठेवली आणि दोरी धरली. खाली थांबलेले मिस्त्री वर आले, आणि त्यांचा आधार घेत भाऊजी वळसा घालून, हळूहळू खाली उतरले. मैदानात मुलींचा डाव रंगला होता. बाद झालेल्या दोघीतिघी भिंतीच्या सावलीत येऊन पाय पसरून बसल्या, एकीनं तर डोकंही भिंतीला टेकवलं. ओळंबा माझ्या हाताखाली झुलत होता. एरवी मी आत्तापर्यंत दोनदा विचारलं असतं, झालं का हो? झोका लहान झाला, आणखी लहान झाला, आणि थांबला. भाऊजी गुडघ्यावर बसले, पट्टी लावली, डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.

"हाये तिथंच हाये," ते खालून म्हणाले.

मी हो म्हटलं. दोरी सोडायला हरकत नव्हती, पण मी आणखी थोडा वेळ ती धरून तशीच उभी राहिले. भाऊजीही खाली बसून राहिले, त्यांनी मला घाई केली नाही.