दातबाईंचं छत्तिसाव्या वर्षीचं कॉलेज

लॅबमध्ये तिला सगळे दातबाई म्हणायचे. बारा वर्षं ती कवळ्या बनवत होती. दवाखान्यांतून प्लास्टरचे साचे यायचे, प्रत्येकावर नुसता नंबर. साच्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, पुढचे सोपस्कार करून कवळी घासूनपुसून डबीत भरायची आणि डबी परत दवाखान्यात. ती कोणाच्या तोंडात गेली, तो माणूस ती लावून कोणाशी भांडतो, काही कळायचं नाही. हात मात्र असा बसलेला, की मालक इतरांना तिचं काम दाखवून म्हणायचे, "याला म्हणतात कवळी. तुमची लावून माणूस हसला, की घोडा हसल्यासारखा वाटतो."

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक वृद्ध बाई थेट लॅबच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चारशे सात नंबर कोणी केला?" त्यांनी विचारलं. "सात" म्हणताना बारीक शिट्टी वाजली.

"मी केला," दातबाई म्हणाली. हातातला घास तसाच राहिला. तिने केलेली कवळी पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होती.

बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्या यजमानांची दृष्टी गेलेली. रोज संध्याकाळी त्या त्यांना वाचून दाखवायच्या. "परवा खुनाचा प्रसंग वाचत होते," त्या म्हणाल्या, "आणि प्रत्येक 'स'ला माझी शिट्टी! हे पोट धरून हसत सुटले. डॉक्टर म्हणतात, सवय होईल. दोन महिने झाले, अजून कसली सवय होतेय?"

दातबाईने त्यांना स्टुलावर बसवलं. समोरच्या दातांच्या मागे मेणाचा पातळ थर लावला, बोलायला लावलं, थोडा खरवडला, पुन्हा बोलायला लावलं. तासभर हे चाललं. शेवटी बाई म्हणाल्या, "साठ सशांची सोशिक सासू," आणि थांबल्या. मग तेच तीनदा म्हणाल्या. शिट्टी गेली होती. त्यांचे डोळे भरून आले.

मेणाच्या जागी पक्का थर भरून घेऊन त्या गेल्यावर मालक कडाडले. "पेशंट लॅबमध्ये? दवाखान्याला कळलं तर काम बंद होईल आपलं! आपण दात करतो बाई, लोकांचं बोलणं नाही."

ते वाक्य तिच्या डोक्यात किड्यासारखं वळवळत राहिलं. मेण चढवताना, कणीक मळताना, बसमध्ये. लोक काय बोलतात याऐवजी कसं बोलतात, तेच ती ऐकायला लागली. आठवड्याने शिक्षिकाबाई आभार मानायला आल्या, तेव्हा बोलता बोलता म्हणाल्या, "आमच्या शाळेत अडखळणाऱ्या मुलांसाठी एक वाचातज्ज्ञ यायच्या. त्याचं रीतसर कॉलेज असतं." झालं. दातबाईने कॉलेज शोधून काढलं. चार वर्षांचा अभ्यासक्रम. बारावीला विज्ञान होतं, वयाची अट नव्हती. अर्जाला तीन आठवडे उरले होते.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. नाकासमोर चालणारा माणूस. तो म्हणाला, "मालक बोलले म्हणून वैतागलीस, तर दुसरी लॅब बघ. त्यासाठी कॉलेज कशाला? चार वर्षांनी चाळीस होशील."

"आणि लॅबमध्येच राहिले तर तिशीची होणार आहे का?"

"मला विचाराल तर..." सासऱ्यांनी तोंड उघडलं.

"तुम्हाला कोणी विचारलं नाही, बाबा," नवऱ्याने तोडलं.

पण नवऱ्याचा प्रश्न खोटा नव्हता. कामाचा कंटाळा आलाय की मालकांचा, हे तिचं तिलाच सांगता येईना. जेवताना उठायची, खिडकीशी जायची, परत यायची. एकदा तर डावा दात उजवीकडे बसवला. बारा वर्षांत असं झालं नव्हतं.

सासऱ्यांनी तिला एकटीला गाठलं. "मला पोस्टात बढती आली होती. दुसऱ्या गावी. मी नाही म्हणालो. त्याचं वाईट नाही वाटत. पण तेव्हा मी विचार केलाच नाही, नुसता घाबरलो. तू निदान विचार करून घाबर."

मग तिने रजा टाकली आणि कॉलेजच्या रुग्णालयात एक दिवस बघायला गेली. पक्षाघाताचा झटका येऊन वाचा गेलेला एक ट्रकचालक होता. समोर वाचातज्ज्ञ आणि टेबलावर पाण्याचा पेला. "पाणी" हा एक शब्द, पाऊण तास. तो आला नाही. माणसाने टेबलावर मूठ आपटली आणि मान फिरवून रडला. दातबाईचे हात शिवशिवत होते. तिथे घासायला, खरवडायला काही नव्हतंच. लॅबमध्ये एवढ्या वेळात तिचे चार दात बसले असते. "हे आपल्याच्याने व्हायचं नाही," घरी येऊन ती म्हणाली, आणि नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकलेला तिला ऐकू आला.

दुसऱ्याच दिवशी मालकांनी तिला लॅबप्रमुख करायचं ठरवलं. पगारवाढ, खुर्ची, हाताखाली पाच माणसं. "सोमवारी सांगते," ती म्हणाली. सोमवारीच अर्जाची मुदत संपत होती.

सोमवारी सकाळी ती पुन्हा रुग्णालयात गेली, ते मनाची खात्री करून घ्यायला. ट्रकचालक तिथेच होता. "पाणी" अजून येत नव्हतं. पण दारात तिला पाहून त्याने ओळखलं, आणि पायाने शेजारची खुर्ची तिच्याकडे ढकलली. ती बसली. पाऊण तास पुन्हा काही घडलं नाही. या खेपेला तिने घड्याळ पाहिलं नाही, हे तिच्या बाहेर आल्यावर लक्षात आलं.

साडेचारला तिने अर्ज भरला. मालकांना फोनवर सांगितलं, प्रमुखपद नको, शनिवार-रविवारी कवळ्या करायला येईन. नवरा दोन दिवस मोजून मापून बोलला; तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातलं टेबल ओढून दिव्याखाली लावलं आणि म्हणाला, "इथे बसत जा."

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गातल्या मुली तिला मावशी म्हणतात आणि तिच्या वह्या उतरवून घेतात. ध्वनीच्या पेपरात ती एकदा नापास झाली, तेव्हा शनिवार-रविवारी लॅबमध्ये कवळ्या करताना तिला वाटलं, इथे किती सोपं होतं सगळं. अजूनही वाटतं. तिची अकरा वर्षांची लेक एकदा तोंडावर विचारून बसली, "आई, तुझं चुकलं का गं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "सरक जरा, माझ्या पुस्तकावर बसलीयस." आणि लेकीच्या खालचं पुस्तक ओढून घेऊन ती वाचायला लागली.