जखमेवरचं मीठ

"बोट काढावं लागेल. पाय वाचवायचा प्रयत्न करू," डॉक्टर म्हणाले. मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीकडे बघत होते.

डायबेटिक फूट अल्सर, म्हणजे मधुमेहामुळे पायाला पडलेली, न भरणारी जखम. जोडीला न्यूरोपथी, म्हणजे पायाच्या नसा बधिर. धामणकर नाक्यावर चपलेतून खिळा आत घुसला, तो यांना कळलाच नाही. पायाला वास यायला लागला तेव्हा मी वाकून बघितलं.

ऑपरेशन झालं. मग रोजचं ड्रेसिंग. सिस्टर नॉर्मल सलाइनने जखम धुवायच्या. सलाइन म्हणजे निर्जंतुक केलेलं मिठाचं पाणी. मला बघवायचं नाही. हे मात्र शांत पडून असायचे.

खरा त्रास संध्याकाळी, भेटायच्या वेळेत. येणारे ऐकवायचे, चप्पल बघून घालायची ना. चहात साखर चालूच होती ना. कुणी ओळखीतल्या माणसाचा गुडघ्यापासून कापलेला पाय सांगायचं. माझे धाकटे दीर पडघ्याहून रोज यायचे आणि रोज ऐकवायचे. हळूहळू यांचं जेवण तुटलं, मग बोलणं. मीही दमले होते. बाकड्यावर बसल्या बसल्या डोळे मिटायचे.

एका सकाळी सिस्टरनी विचारलं, काका, झोंबतंय का?

हे म्हणाले, "तुमचं मीठ कळत पण नाही. संध्याकाळी येऊन चोळतात, ते झोंबतं."

त्या दिवशी दिरांना मी जिन्यातच थांबवलं आणि यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ते कठडा धरून उभे राहिले.

"वहिनी, दादाचा पाय गेला तर, याची भीती हाय. म्हणून तोंड सुटतं. दुसरं काय बोलायचं, सुचतच न्हाय."

"मग बोलू नका, भाऊजी. नुसते बसा."

दुसऱ्या दिवशी ते दाढीचं सामान घेऊन आले. काही न बोलता यांच्या गालांना साबण लावला. यांनी हनुवटी वर केली. एक गाल झाला आणि यांचा डोळा लागला. दुसऱ्या गालावरचा फेस सुकला, तरी भाऊजी रेझर हातात धरून तसेच बसून राहिले.

पाय वाचला. जखम भरायला महिने गेले. घरात कुणाला मधुमेह असेल तर रोज त्यांचे तळपाय बघा. आणि आजारी माणसाला भेटायला गेलात, तर हे कसं झालं म्हणून विचारू नका. तो दिवसभर तेच आठवत पडलेला असतो.