सुकटीचा डबा

ऐंशी सालाच्या सुमारास आम्ही साताऱ्याहून तारापूरच्या वसाहतीत राहायला आलो आणि बोईसरच्या आठवडी बाजारात मला ती दिसली. किनाऱ्यावरच्या दांडी गावची कोळीण. नाव मी कधी विचारलं नाही. केसांत अबोली, आणि बोलताना समोरच्याच्या दंडावर चापट मारायची सवय.

सुकट विकायची, पण माप स्वतः भरत नसे. पत्र्याचा डबा सरळ घेणाऱ्याच्या हातात द्यायची. डोंगरातून तांदूळ घेऊन येणाऱ्या बायकांशी तर तिची अदलाबदलच चाले, डब्याला डबा. त्या हिची सुकट भरून घेत, ही त्यांचे तांदूळ.

"अहो, फसवतील तुम्हाला," मी म्हटलं.

चापट बसली. "तिच्या घरान खाणारी किती, मना काय म्हाईत? तिचा तिला म्हाईत!"

मग तिने डबा मला दिला. मी सुकट दाबून दाबून भरली, वर चांगली शीग लावली. शेजारी डोंगरातली एक बाई आपला डबा भरत होती. भरता भरता ती थांबली आणि दोन मुठी सुकट परत टोपलीत टाकत म्हणाली, "आज माझ्या तांदळान कणी हाय."

माझे कान तापले. डबा अजून हातातच होता. मी वरची शीग मोडली.

दंडावर सणसणीत चापट बसली. "आता आला तुमाला बाजार!" म्हणत ती खो खो हसली, आणि माझ्या त्या सपाट डब्यावर तिने स्वतःच्या हाताने शीग लावली.